बावीसचा आवाज

माझ्या हातून चूक होत नाही. हे मी गर्वाने सांगत नाही, आमच्या घरात कुणालाही विचारा. सगळे हो म्हणतील, कारण नाही म्हणायची कुणाची छाती नाही. पण त्या दिवशी झाली. झाली तीसुद्धा अख्ख्या क्लबासमोर. आता लोक आपापल्या परीने तिखटमीठ लावून सांगत सुटलेत, आणि दुसऱ्याच्या तिखटमिठावर माझा विश्वास नाही. म्हणून मीच सांगते.

आमचा धंदा टेनिसच्या रॅकेटी विणण्याचा. माझे वडील वेताच्या खुर्च्या विणायचे. चौथीत शाळा सुटली ती मी त्यांच्या शेजारी येऊन बसले. लग्न होऊन या घरात आले तर सासरे रॅकेटी विणत होते. उभं-आडवं तेच, एक वरून एक खालून तेच. फक्त वेताच्या जागी तार आणि बसणाऱ्याच्या जागी चेंडू. सहा महिन्यांत सासऱ्यांनी आपलं स्टूल मला दिलं आणि स्वतः पेपर वाचायला गेले, ते परत आलेच नाहीत. त्याला चाळीस वर्षं झाली.

यातली मेख एवढीच, की तार किती किलोने ओढायची ते प्रत्येक खेळणाऱ्याचं ठरलेलं असतं. घट्ट ओढली तर चेंडू सांगितल्या जागी पडतो, पण अंगात जोर हवा. सैल ओढली तर चेंडू आपसूक उडतो, पण त्याला आवरायला डोकं हवं. यंत्राला एक गोल चावी असते, ती फिरवली की कट्‌कट् वाजते, आणि किती किलो झाले ते काटा दाखवतो. माझा मुलगा दर वेळी काटा बघतो. चष्मा पुसून बघतो, वाकून बघतो. मी त्याला म्हणते, काटा बघणारा कारागीर म्हणजे आमटीत मीठ किती ते शेजारणीला विचारणारी बाई. माझ्या बोटांना चावी कळते. आणि विणून झाल्यावर तळहाताने तारांवर एक टपली मारली की कानाला कळतं. पंचवीसची तार 'टण्' करते. बावीसची 'ढम्म' बोलते, पोट भरलेल्या माणसासारखी.

बावीस हा माझ्या सुनेचा आकडा.

सून आमची चौतीस वर्षांची. लग्न ठरवताना तिच्या आईने सांगितलं, मुलगी टेनिस खेळते. मी म्हटलं, खेळू दे, पोळ्या लाटायलाही मनगट लागतंच. पोळ्या काही तिला आजवर धड जमल्या नाहीत, पण मनगट खरंच आहे. गेल्या वर्षापर्यंत ती एका दातांच्या डॉक्टरकडे पेशंटना नंबर देण्याचं काम करायची. डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला गेले आणि ही घरी बसली. घरी बसली म्हणजे माझ्यासमोर बसली. एका अडीच खोल्यांच्या घरात दोन शहाण्या बायका, विचार करा.

आमच्या क्लबात एक जुनी पद्धत आहे. बायकांच्या स्पर्धेत जी जिंकेल, तिला पुढचं वर्षभर लहान मुलांना शिकवायचं काम मिळतं. रोज संध्याकाळी चाळीस मुलं. सुनेला ते काम हवं होतं. दोन वर्षं ती अंतिम सामन्यापर्यंत पोचली आणि दोन्ही वर्षं हरली. या वर्षी अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी गुडघ्याला पट्टी बांधता बांधता म्हणाली, "आई, या खेपेला झालं तर झालं. पुढच्या वर्षी हा गुडघा मला पोचवणार नाही."

"गुडघ्याला कोण विचारतंय," मी म्हटलं. "तो काय घरातला कर्ता आहे?"

पण मलाही माहीत होतं, गुडघा खरं बोलतोय.

समोर होती बेकरीवाल्याची मुलगी. एकोणीस वर्षांची, बापाबरोबर रोज पहाटे मणभर कणीक मळणारी. तिचे दंड पाहिलेत तर पावाचे लोफ आठवतील. चेंडू असा मारते की समोरच्याला वाटावं, काहीतरी जुनं वैर आहे. तिचा आकडा पंचवीस. तिच्याही रॅकेटी आमच्याकडेच येतात. गावात दुसरा विणणारा आहे, पण तो तारा ओढत नाही, नुसत्या टांगतो.

सामना सकाळी नऊला सुरू झाला. मैदान लाल मातीचं, आणि त्याच्या कडेला क्लबाची पडवी. मोठा सामना असला की मी यंत्र घेऊन त्या पडवीत बसते, कुणाची तार तुटली तर तिथल्या तिथे विणून द्यायला. शेजारी मुलगा. उंच खुर्चीवर पंच म्हणून आमचे भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांना नियमांचं पुस्तक तोंडपाठ आहे आणि ते कुणी विचारलं नाही तरी सांगतात.

पहिला सेट सुनेने घेतला, सात-पाच. दुसऱ्यात पोरगी पेटली. तो सेट संपता संपता तिच्या पहिल्या रॅकेटीची तार फाटकन् तुटली. तिने दुसरी रॅकेट उचलली, आणि तुटलेली घेऊन तिचा बाप माझ्याकडे आला. बेकरीवाला माणूस चांगला आहे, पण त्याचा चेहरा कायम भट्टीत काहीतरी करपतंय असा.

"काकू, ही घ्या. आमच्या पोरीने फाडली."

"फाडतात ते कापड. तार तुटते. ठेवा इथे."

तो ठेवून गेला नाही. घुटमळला.

"नाही म्हणजे... समोर तुमचीच सून आहे ना. तेव्हा जरा... नीट..."

"जरा नीट म्हणजे काय? बोला की."

"काही नाही, काकू."

"तुमच्याकडे पाव घ्यायला येते तेव्हा मी विचारते का, हा आतून कच्चा ठेवलाय का म्हणून?"

तो गेला. पण माझं डोकं तापलं ते तापलंच. चाळीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. रॅकेट यंत्रात आवळली, चावी फिरवली, उभ्या तारा ओढायला घेतल्या. तोंडाने बेकरीवाल्याच्या सात पिढ्यांना नीटनेटकेपणा शिकवत होते. मुलगा म्हणाला, "आई, काटा..."

"तू मला काटा दाखवू नकोस. तुला चमचा धरायला मी शिकवलंय."

तो गप्प झाला. त्याचा स्वभावच गप्प होण्याचा आहे, तो त्याच्या वडिलांवर गेला. मी वीस-बावीस मिनिटांत रॅकेट विणली. टपलीसुद्धा मारली नाही, तेवढा राग होता. रॅकेट पोरीच्या बाकावर पाठवून दिली.

दुसरा सेट पोरीने घेतला, सहा-चार. मग तिसरा. आमच्या क्लबात शेवटच्या सेटला टायब्रेकर नाही. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळायचं, मग संध्याकाळ होवो की म्हातारपण येवो. पाच-पाच झालं. सात-सात झालं. ऊन डोक्यावर आलं. नऊ-नऊला मास्तरांनी टोपीखाली ओला रुमाल घातला. लोक आधी ओरडत होते, मग टाळ्या वाजवत होते, मग नुसतेच मान इकडून तिकडे फिरवत होते, गोठ्यातल्या गायींसारखे.

सून हुशारीने खेळत होती. ती जोराला जोर देत नाही. चेंडू उंच, सावकाश, कोपऱ्यात. समोरची पोरगी प्रत्येक चेंडूवर भट्टीचं दार आपटावं तशी तुटून पडायची आणि सून तो परत पाठवायची, 'पत्ता चुकलाय' म्हणून पत्र परत यावं तसा. पण पाय दोघींचेही गेले होते. दोन गुणांच्या मधे सून रॅकेटवर टेकून उभी राहायची. पोरगी खाली वाकून बुटाची नाडी बांधायची, जी सुटलेली नसायची.

अकरा-अकराला पोरीच्या दुसऱ्या रॅकेटीची तार तुटली. तिने बाकावरून माझी विणलेली उचलली. सर्व्हिस तिचीच होती. तिने चेंडू उडवला आणि मारला.

ढम्म.

चेंडू रेषेच्या हातभर बाहेर पडला होता, पण मी चेंडू बघतच नव्हते. मी यंत्राच्या काट्याकडे बघत होते. काटा बावीसवर होता. सकाळी सहाला मी सुनेच्या रॅकेटी विणल्या होत्या, त्याच आकड्यावर. रागात हात रोजच्या वाटेने जातो. माझा हात आपल्या घरी गेला होता.

आता ऐका. त्या क्षणी मी उठायला हवं होतं. मी उठले नाही.

मी मनाशी म्हटलं, मुद्दाम केलं का? नाही. मग पाप नाही. चूक देवाने करवली असेल, आणि देवाला काही सुचवायचं असेल तर मधे बोलणारी मी कोण? मी हेही म्हटलं, की एकोणीस वर्षांची घोडी आहे, तिच्यापुढे पुष्कळ वर्षं आहेत. आमच्या गुडघ्यापुढे एकच आहे. आणि सगळ्यात खरं सांगायचं तर मी म्हटलं, हे कुणाला कळलं तर माझ्या चाळीस वर्षांचं काय? बेकरीवाला उद्या गावभर सांगेल, म्हातारीने सुनेसाठी तार ढिली केली. आणि लोक विश्वास ठेवतील, कारण मीसुद्धा ठेवला असता.

पोरगी तो गेम हरली. चारांतले तीन चेंडू बाहेर गेले. बारा-अकरा सून. बाजू बदलायला दीड मिनिटाची विश्रांती असते. त्या दीड मिनिटात मी चष्मा पुसला. आधीच स्वच्छ होता, आणखी पुसला. मुलगा माझ्याकडे बघत होता. मग त्याने काट्याकडे बघितलं. मग परत माझ्याकडे. त्याच्या गप्प बसण्याचा मला एवढा राग कधी आला नव्हता.

सुनेची सर्व्हिस. पोरीने पहिला चेंडू कुंपणावर मारला. पंधरा-शून्य. दुसरा त्याच्याही पलीकडे, सायकलींवर. तीस-शून्य. तिसरा तिने घाबरून हळू मारला, तो जाळीत. चाळीस-शून्य. पंधरा, तीस आणि मग चाळीस. पंचेचाळीस का नाही, हे मला आजवर एकाही शिकलेल्या माणसाने सांगितलेलं नाही. पण तेव्हा हिशोब सोपा होता. आणखी एक गुण, आणि काम सुनेचं.

तेवढ्यात ती पोरगी काय करते? रॅकेट बगलेत धरली, डाव्या हाताने उजवा दंड दाबला आणि त्या हाताकडे अशी बघायला लागली, जसा तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग तिने बापाकडे बघून मान हलवली. ओठ हलले ते मला इतक्या लांबून वाचता आले. 'माझा हातच गेला, बाबा.'

तिथे मात्र माझं डोकं फिरलं. हात तिचा गेला नव्हता. हात माझा गेला होता. जन्मभर हातावर जगलेल्या बाईने दुसऱ्या कामकरी पोरीला तिच्याच हातावर संशय घ्यायला लावायचं, आणि वर चष्मा पुसत बसायचं? सून तिकडे चेंडू आपटत होती. एकदा, दोनदा, तीनदा. हात वर गेला...

"थांबा!"

सुनेच्या हातातला चेंडू खाली पडला आणि गडगडत गेला.

"प्रेक्षकांनी शांतता राखावी," मास्तर वरून म्हणाले.

"कसली शांतता राखताय, मास्तर, खाली उतरा. या पोरीची रॅकेट चुकीची आहे. पंचवीसची हवी, मी बावीसची विणलीय. माझी चूक आहे."

शेवटचे तीन शब्द बोलायला मला किती जड गेलं ते सांगत नाही. आमचे हे हयात असते तर त्यांनी भिंतीवर तारीख लिहून ठेवली असती.

मैदानात अशी शांतता पसरली की सायकलींत पडलेला चेंडू शोधणारा माणूससुद्धा जागच्या जागी थांबला. मग मागून कुणीतरी म्हणालं, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." दुसरं कुणी म्हणालं, "आधीच केलं असेल मुद्दाम, आता टोचलं." मी मागे वळून बघितलं. दोघंही आकाश बघायला लागले.

पोरगी जाळीजवळ आली. "आजी, म्हणजे माझा हात...?"

"तुझा हात ठणठणीत आहे. कणीक मळ खुशाल."

ती रडायला लागली. साडेतीन तास उन्हात न रडलेली पोर.

मास्तर खाली उतरले. पुस्तक उघडलं. "रॅकेट बिघडल्याच्या कारणावरून खेळ थांबवता येत नाही," ते म्हणाले. "तिने हातात आहे तीच वापरावी."

"मास्तर," सून म्हणाली. आवाज इतका दमलेला होता की मास्तरांना पुढे वाकावं लागलं. "दोघींची हरकत नसेल तर थांबवता येतं का?"

"तसं नियमात कुठे नाही."

"थांबवता येत नाही, असं आहे का?"

मास्तरांनी पुढची चार पानं उलटली, मग मागची चार. "असंही नाही," ते नाइलाजाने म्हणाले. "पण झालेले गुण पुसता येणार नाहीत. बारा-अकरा आणि चाळीस-शून्य, तिथूनच सुरू होईल."

"चालेल," सून म्हणाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला काय जातं? साडेतीन तास धावलेलं अंग अर्धा तास थंड झालं की लाकूड होतं, हे वाजवणाऱ्यांना काय माहीत. सुनेला माहीत होतं. ती बसली नाही. पोरीला म्हणाली, "बसू नकोस, उठवणार नाही कुणी. चल." आणि दोघी मैदानाभोवती फेऱ्या मारायला लागल्या, सायंकाळी फिरायला निघालेल्या शेजारणींसारख्या. एक केळं अर्धं-अर्धं खाल्लं. सून तिला टाच कशी टेकवायची ते दाखवत होती, म्हणजे पोटरीत गोळा येत नाही. मी वरून ओरडले, "अगं, तिला काय शिकवत्येस, ती तुला हरवायला आलीय!"

"तुम्ही रॅकेट विणा, आई!"

तिने मला असं चारचौघांत पहिल्यांदाच सुनावलं. मी ऐकून घेतलं. तो दिवसच तसा होता.

बेकरीवाला पडवीत आला आणि माझ्या यंत्रापासून दोन हातांवर उभा राहिला.

"लांब का उभे? इकडे या," मी म्हटलं. "हा काटा. प्रत्येक तारेला मोठ्याने वाचायचा. सगळ्यांना ऐकू जाईल असा."

"काकू, मी काही तसं..."

"वाचा."

मी तुटलेली दुसरी रॅकेट घेतली, तारा कापून काढल्या, चावी फिरवली. काट्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा वाकून बघितलं. मुलाने न बोलता आपला चष्मा पुढे केला, माझ्यापेक्षा त्याचा नंबर जास्त आहे म्हणून. मी घातला.

"पंचवीस," बेकरीवाला म्हणाला. मी तार ओढली. "पंचवीस." पुढची. "पंचवीस." पाचव्या-सहाव्या तारेनंतर त्याचा घसा मोकळा झाला आणि तो बेकरीतल्यासारखा ओरडायला लागला, "पंचवीस! पंचवीस!" लोक हसायला लागले. कुणीतरी विचारलं, "डझनाला का?" आडव्या तारांपर्यंत आलो तोवर त्याच्याही चेहऱ्यावरचं करपलेपण थोडं उतरलं होतं. शेवटची गाठ मारली, टपली मारली. टण्.

खेळ पुन्हा सुरू झाला. सून रेषेवर उभी राहिली. तीन संधी हातात, एक गुण हवा. मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत.

तिने सर्व्हिस केली. चेंडू सरळ जाळीत. दुसरी सर्व्हिस, तीही जाळीत. चाळीस-पंधरा. दमलीय बिचारी, मला वाटलं, पाय गार पडले. तिसरी जाळीत. चौथी जाळीत. चाळीस-तीस. पाचव्या चेंडूला माझ्या लक्षात आलं. ती चेंडू उडवतच नव्हती. नुसता हातातून सोडायची आणि खालून टिचकी मारल्यासारखा जाळीत घालायची, केर सुपात भरावा तसा.

पोरगीही समजली. "ताई, असं नका ना करू!"

"तू तुझ्या जागेवर उभी राहा," सून म्हणाली. "सर्व्हिस माझी आहे, मी कुठेही मारीन."

"मास्तर, सांगा ना त्यांना!"

मास्तरांनी पुस्तकाला हात लावला, मग काढून घेतला. "जाळीत मारू नये असा नियम नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा भूगोलाच्या मास्तरांसारखा नव्हता.

दहा चेंडू. मी मोजले. एकामागून एक दहा चेंडू तिने जाळीच्या पायाशी नेऊन ठेवले. गेम पोरीचा. बारा-बारा. चुकीच्या रॅकेटीने पोरीचा एक गेम गेला होता, तो सुनेने आपल्या पानातून काढून तिच्या पानात वाढला. माझा जीव तळतळत होता. 'वेडी, वेडी, गुडघा बघ आपला,' असं मी मोठ्याने म्हणत होते, आणि मुलगा माझा हात धरून होता.

मग खरा खेळ झाला. आता दोघींच्या हातात आपापल्या तारा होत्या आणि दोघींना पाय नव्हते. एकेक गुण वीस-वीस फटक्यांचा. सून पडली, उठली. पोरगी पडली, तर सून जाळीपर्यंत चालत गेली आणि ती उठेपर्यंत थांबली. पोरीचा एक चेंडू रेषेवर पडला, मास्तर म्हणाले बाहेर. सून म्हणाली, "मास्तर, आत होता, माती उडालेली मी बघितली." पुढच्याच गेमला तसंच उलट झालं, आणि पोरगी म्हणाली आत होता. मास्तर म्हणाले, "मग मी इथे कशाला चढून बसलोय?" पंधरा-पंधरापर्यंत दोघी अशा एकमेकींना धरून आल्या.

मग पोरीने आपली सर्व्हिस राखली. सोळा-पंधरा. सुनेच्या सर्व्हिसला तिची उजवी पोटरी आवळली. ती एका पायावर खेळली. शेवटचा चेंडू तिने कसाबसा गाठला, तो जाळीच्या वरच्या पट्टीवर बसला. क्षणभर बसूनच राहिला. मग तिच्याच बाजूला पडला.

सतरा-पंधरा. काम पोरीचं झालं.

दोघी जाळीपाशी आल्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडल्या. लोकांना फार गहिवर आला. मला नंतर कळलं, की पहिल्या दोन मिनिटांत प्रेम कमी होतं आणि टेकू जास्त. जी सोडेल ती पडणार होती.

घरी आलो. मुलगा यंत्र ठेवायला गेला. मी टबात गरम पाणी काढलं, सुनेला खुर्चीवर बसवलं, तिचे पाय पाण्यात घातले आणि समोर स्टुलावर बसून पोटरी चोळायला लागले. हो, सासूने सुनेचे पाय चोळले. कुणाला काही म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हणावं.

बराच वेळ ती डोळे मिटून होती. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "आई, तुम्हाला कधी कळलं?"

मैदानावर हे मला कुणी विचारलंच नव्हतं. सगळे धरून चालले होते, की कळलं आणि उठले.

"पहिल्याच चेंडूला," मी म्हटलं. पाण्याकडे बघून म्हटलं.

तिने डोळे उघडले. मी तयारीत होते. बोल म्हटलं, काय बोलायचं ते. एक गेम आणि तीन गुण मी गप्प बसले, आणि उठले ते अशा वेळी की तुझ्या तोंडातला घास काढला. बोल.

"मलाही," ती म्हणाली.

"काय मलाही?"

"पहिल्याच चेंडूला कळलं. अकरा वर्षं मी बावीसवर खेळतेय, आई. तिच्या रॅकेटीतून माझा आवाज आला. मला वाटलं, आता उठतील, मग उठतील. तुम्ही उठला नाहीत, तेव्हा म्हटलं, जाऊ दे, मला काय कळतंय, मी थोडीच विणलीय."

माझा हात तिच्या पोटरीवर तसाच राहिला.

"म्हणून ते दहा चेंडू?"

तिने मान हलवली. नाक ओढलं. मला रागावायचं होतं, मी तोंड उघडलंही, आणि त्यातून हसू बाहेर पडलं. मग तिलाही. दोघी इतक्या हसलो की टबातलं अर्धं पाणी जमिनीवर आलं आणि तिच्या पोटरीत पुन्हा गोळा आला. ती 'आई आई' ओरडत हसत होती, आणि कुठली आई, मला कळेना.

हसू ओसरलं तशी तिचा चेहरा उतरला. काम गेलं होतं. हे हसण्याने भरून येणारं नव्हतं, आणि ते दोघींना माहीत होतं.

"एक सांगाल?" ती म्हणाली. "तुम्ही ओरडला नसतात तर मी मारला असता का तो चेंडू? हात वर गेला होता माझा."

खोटं बोलता आलं असतं. त्या दिवसापुरतं पुष्कळ झालं होतं.

"मारला असतास," मी म्हटलं. "आणि मीही मारू दिला असता, ती पोर हाताकडे बघत नसती तर."

"मग?"

"मग काय. काम मिळालं असतं. तू रोज संध्याकाळी चाळीस पोरांना शिकवलं असतंस, मी रोज सकाळी तारा ओढल्या असत्या. आणि उरलेला सगळा वेळ आपण दोघींनी एकमेकींची नजर चुकवत काढला असता. आता घर आहे अडीच खोल्यांचं. कुठे कुठे चुकवणार?"

ती पाण्यात बोटं हलवत राहिली.

"दुसरा पाय दे," मी म्हटलं.